मैदानाचं आरक्षण उठवून व्यापारी संकुल करायचं चाललंय, हरकत कशी घ्यायची?

मागचीगल्ली

नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे म्हणून पाल्हाळ न लावता विचारते.

आमचं शहर तसं लहानच, ब वर्ग नगरपरिषद. आमच्या कॉलनीच्या मागे मोठं मोकळं मैदान आहे, संध्याकाळी पोरं खेळतात, सकाळी म्हातारी माणसं चकरा मारतात आणि पावसाळ्यात वरच्या वस्तीचं सगळं पाणी आधी तिथे येऊन थांबतं, मग हळूहळू जिरतं, म्हणून आमच्या खालच्या गल्लीत घरांमध्ये शिरत नाही. मागच्या आठवड्यात सासऱ्यांनी पेपरात आतल्या पानावर एक नोटीस दाखवली, नाव बदलल्याच्या जाहिराती असतात ना त्यांच्या मध्ये, चष्मा लावूनही नीट वाचता येईना इतकी बारीक. त्यात लिहिलंय की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे मंजूर विकास योजनेतलं "खेळाचे मैदान" हे आरक्षण वगळून ती जागा वाणिज्य विभागात घ्यायचं योजिलं आहे. म्हणजे थोडक्यात तिथे दुकानांचे गाळे होणार.

वॉर्डातल्या नगरसेवकांना फोन केला तर म्हणाले ठराव होऊन गेलाय, आता काही होत नाही. नगरपरिषदेत दोनदा गेले, एकदा साहेब मीटिंगला आणि एकदा साहेब साइटवर. मला कळत नाहीये की ठराव झाला म्हणजे खरंच संपलं का? आम्ही सगळ्यांच्या सह्या घेऊन एक अर्ज द्यायचा म्हणतोय, तेवढं पुरेल का? आणि त्या नोटिशीत हरकतीची मुदत दिलीये ती कधीपासून धरायची? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, इथे कोणालाच काही माहीत नाही आणि दिवस चाललेत.

---

जुना_आरेखक

ताई, मी नगररचनेत आरेखक होतो, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. सर्वात आधी हे मनातून काढा की ठराव झाला म्हणजे संपलं. ठराव ही सुरुवात असते. कलम ३७ मध्ये नगरपरिषदेला स्वतःच्या अधिकारात आरक्षण उठवताच येत नाही, तिने फक्त प्रस्ताव करायचा असतो. राजपत्रात नोटीस द्यायची, एक महिन्यात लोकांच्या हरकती-सूचना घ्यायच्या, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना सुनावणी द्यायची आणि मग सगळं बाड शासनाकडे मंजुरीला पाठवायचं, त्याला नोटिशीपासून एक वर्षाची मुदत असते. नगरविकास विभागाची मंजुरी येईपर्यंत नकाशावर ते मैदानच आहे.

मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजतात. पेपरातली तारीख आणि राजपत्रातली तारीख यात बरेचदा फरक असतो, तेव्हा नोटिशीत नेमकं काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा आणि दोन्हींपैकी जी आधीची तारीख असेल ती धरूनच चाला. उगाच वाद घालायची वेळ येऊ नये.

सह्यांचा एकच अर्ज अजिबात देऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय कारण टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. दोनशे सह्यांचा अर्ज आला की रजिस्टरला एकच आवक क्रमांक पडतो, अहवालात "एक हरकत प्राप्त" असं जातं, आणि सुनावणीचं पत्र ज्याची सही पहिली त्यालाच जातं. प्रत्येक घराचा वेगळा अर्ज, वेगळा आवक क्रमांक, पोच प्रतीवर शिक्का आणि तारीख. त्यातसुद्धा झेरॉक्स मारून खाली फक्त नावं बदलू नका, प्रत्येकाने आपल्या शब्दांत चार ओळी लिहिल्या तरी चालतील.

हे करायच्या आधी एक गोष्ट मात्र पक्की बघा. ती जागा विकास योजनेतलं आरक्षण आहे की तुमच्या लेआउटची ओपन स्पेस? लोक दोन्हीला मैदानच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. लेआउट मंजूर करताना मोठ्या जागेत १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती त्या प्लॉटधारकांच्या सामायिक वापराची असते आणि तिचे नियम वेगळे. डीपी आरक्षण (डीपी म्हणजे विकास योजना) म्हणजे सगळ्या शहरासाठी नकाशावर राखून ठेवलेली जागा. तुमच्या नोटिशीत आरक्षण क्रमांक असेल तर बहुतेक डीपीचंच आहे, तरी भागनकाशा (विकास योजनेच्या नकाशातला तुमच्या भागाचा तुकडा) आणि झोन दाखला (जागा कुठल्या विभागात येते त्याचा दाखला) दोन्ही काढा, अर्ज केला की रीतसर मिळतात. नकाशावर रहिवास पिवळा, वाणिज्य निळा आणि मैदानं-बागा हिरव्या असतात. तो हिरवा तुकडा आणि आजूबाजूचे रस्ते एकदा डोळ्यांखालून घालाच, शहराच्या त्या बाजूला दुसरं हिरवं किती उरतं ते नुसतं बघून कळतं.

आणि हरकतीत "आमची मुलं कुठे खेळणार" हे लिहा, खरंच आहे ते, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक विकास योजनेसोबत एक अहवाल असतो, त्यात लोकसंख्येला किती मैदान हवं आणि योजनेत किती दिलंय याचा तक्ता असतो. तो मागा. मैदान आधीच मानकापेक्षा कमी असेल तर तुमची हरकत तिथेच जड होते. शिवाय कलम ३७ फक्त अशाच फेरबदलाला आहे ज्याने योजनेचं मूळ स्वरूप बदलत नाही. बदल्यात मैदानाला दुसरी जागा दिलीये का ते विचारा. पाण्याचा मुद्दा तर पहिल्या ओळीतच घ्या, माझ्या मते तुमच्याकडचा सगळ्यात दणकट मुद्दा तोच आहे.

---

सरळरेघ

मी पाच वर्षं नगरसेवक होतो, दुसऱ्या शहरात. आत्ता कुठल्याच पदावर नाही त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. थोडी दुसरी बाजू पण ऐका.

नगरपरिषदांची जकात १९९९ ला गेली. त्याबदल्यात शासनाचं अनुदान येतं पण ते शासनाच्या हातात, कधी येईल किती येईल यावर पगार अवलंबून. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळेभाडं, बस. घरपट्टी वाढवायची म्हटलं की सगळे अंगावर येतात (तुम्हीही याल). मोठ्या योजनेत नगरपरिषदेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, तो आणायचा कुठून? म्हणून प्रत्येक मुख्याधिकाऱ्याच्या आणि प्रत्येक बॉडीच्या डोक्यात पहिली कल्पना येते ती संकुलाचीच. गाळ्यांचा लिलाव, अनामत रक्कम, भाडं, हे ताबडतोब दिसणारं उत्पन्न आहे. कोणी खाण्यासाठीच करतं असं नाही, आम्ही पण एकदा अशा ठरावाला हात वर केला होता आणि तेव्हा मला ते बरोबरच वाटलं होतं.

पण आता मागे वळून बघता वाटतं आम्ही चुकलो. गाळ्यांचं भाडं एकदा ठरलं की वर्षानुवर्षं हलत नाही, वाढवायला गेलं की गाळेधारक कोर्टात जातात, निम्मे पोटभाड्याने दिलेले असतात. मैदान मात्र एकदा गेलं की गेलं, नंतर शहरात तेवढी सलग जागा कोणी विकत घेऊन देत नाही.

तुम्हाला एक महत्त्वाचं विचारायचंय, जागेचा मालक कोण आहे? आरक्षण असलं म्हणजे जागा नगरपरिषदेची झाली असं नसतं. जमीन अजून खासगी मालकाच्याच नावावर असेल तर त्याच १९६६ च्या कायद्याचं कलम १२७ बघा. अंतिम विकास योजना लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना (म्हणजे जागा घ्या अशी नोटीस) देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. म्हणजे तुम्ही कलम ३७ ची लढाई जिंकाल आणि दोन वर्षांनी मैदान दुसऱ्या दाराने जाईल. तेव्हा हरकत तर घ्याच पण सोबत "नगरपरिषदेने जागा ताब्यात घ्यावी" ही मागणीही लेखी करा.

---

मागचीगल्ली

जुना_आरेखक काका, सरळरेघ दादा, तुमचे खूप आभार, दोन दिवसांत जेवढं कळलं तेवढं आयुष्यात कळलं नव्हतं.

अपडेट देते. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली. बराचसा भाग नगरपरिषदेच्या नावावर आहे, पूर्वीच ताब्यात घेतलेला, फक्त उत्तरेकडचा कोपरा अजून खासगी आहे. भागनकाशाला अर्ज केलाय. तारीख मोजली तर राजपत्राची तारीख पेपरच्या आधीची निघाली, म्हणजे आमच्याकडे ११च दिवस उरलेत, आम्ही समजत होतो १८ आहेत.

४३ घरांनी वेगवेगळे अर्ज लिहिले. मी आणि शेजारच्या दोघीजणी आज घेऊन गेलो तर आवक-जावकच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या सगळ्याला एक स्टेपल मारा, एकच नंबर देते, विषय एकच आहे ना. मी म्हटलं माणसं वेगळी आहेत. त्या म्हणाल्या उद्या या. त्या पण वाईट नाहीत हो, समोर खरंच गठ्ठा होता आणि त्या एकट्याच होत्या. पण उद्या परत गेले आणि परत तेच झालं तर काय करायचं?

---

कलम_आणि_कागद

ताई, मी वकिली करते. घेत नसतील तर भांडू नका, थेट स्पीड पोस्टाने पाठवा, मुख्याधिकारी, नगरपरिषद या नावाने, पोचपावती घेऊन. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच सामावलंय त्यामुळे तिथे वेगळं रजिस्टर पोस्ट मागत अडून बसू नका. प्रत्येक पाकीट वेगळं. खर्च होईल पण पुरावा पक्का. नोटिशीत ईमेल दिला असेल तर त्यावरही टाका. सहायक संचालक, नगररचना यांचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, एक प्रत तिकडे द्या.

दुसरं, महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार आहे, ठराव बेकायदा असेल किंवा लोकांना त्रासदायक, सार्वजनिक हिताविरुद्ध असेल तर. साधा अर्ज करून तिथेही निवेदन द्या. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याचे नियम वेगळे असतात, आधी तालुका पातळीवर अर्ज केलेला लागतो वगैरे, म्हणून त्याच्यावर विसंबून राहू नका.

माहिती अधिकाराचा अर्जही आजच टाका. सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त, ठरावाची प्रत आणि त्यावरची कार्यालयीन टिप्पणी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. त्यात "कागदपत्रांची पाहणी करायची आहे" असंही लिहा, तो कलम २ मधला हक्कच आहे, पहिला तास फुकट असतो. पण नीट लक्षात घ्या, उत्तराला ३० दिवस लागतात आणि तुमच्याकडे ११ आहेत. माहिती आली की मग हरकत लिहू असं अजिबात करू नका. हरकत आधी, त्यात शेवटी लिहा की माहिती मिळाल्यावर पूरक म्हणणं देण्याचा हक्क राखून ठेवत आहोत.

ठराव प्रशासकांच्या काळातला आहे का तेही तपासा. गेली काही वर्षं निवडणुका रखडल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी प्रशासकांनीच सभेचे अधिकार वापरले. ते कायद्याने चालतं, पण तसं असेल तर निवडून आलेल्या सभेपुढे हा विषय कधी चर्चेलाच आला नाही असं दिसेल, आणि आताच्या सभेला फेरविचार करायला सांगता येतं.

उमेद वाटावी म्हणून एक सांगते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा एका ट्रस्टला खासगी नर्सिंग होमसाठी द्यायचं ठरलं होतं, रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. तिथे एक मुद्दा असा होता की या सामान्य रहिवाशांना कोर्टात यायचा अधिकारच काय. कोर्टाने तो अधिकार मान्य केला. कायदा तिकडचा वेगळा होता पण मोकळ्या जागेबद्दल कोर्ट कसं बघतं ते त्यातून कळतं. तुम्हाला कोर्टात जायची वेळ येऊ नये हीच इच्छा, पण आलीच तर पहिला प्रश्न हाच येईल की तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का.

---

पिंपळपार

आमच्याकडे हेच झालं होतं त्यामुळे वाचून राहवलं नाही. आमची बाग होती, मैदान नव्हे. हरकती आम्ही झकास घेतल्या, साठच्या वर गेल्या होत्या, सगळे खूश. मग पाच-सहा महिने काहीच हालचाल नाही, लोक विसरले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण सामसूम झाली. आणि एक दिवस सुनावणीचं पत्र आलं, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला. कामाचा वार. साठ जणांपैकी आम्ही नऊ जण पोचलो. अधिकारी एकेक नाव पुकारत होते, "गैरहजर, गैरहजर, गैरहजर" आणि लिहून घेत होते. तो आवाज अजून कानात आहे. शेवटी अर्धी बाग राहिली, अर्धी गेली. मला आजही वाटतं आम्ही सगळे तिथे असतो तर पूर्ण वाचली असती.

म्हणून सांगतो, आत्ताच ठरवा कोण जाणार. ज्याला जमणार नाही त्याने कोणाला तरी अधिकारपत्र लिहून ठेवा आणि ते अर्जासोबतच जोडा. निवृत्त माणसं, घरी असणारी माणसं यांची नावं पुढे ठेवा. आणि सुनावणीत जे बोलाल ते लेखी पण द्या, तोंडी बोललेलं अहवालात कसं उतरेल सांगता येत नाही.

---

चौकातला

माझे वडील रस्त्यावर भाजी विकायचे, म्हणून थोडं वेगळं लिहितो. अशी संकुलं मंजूर करताना दरवेळी सांगतात की रस्त्यावरच्या विक्रेत्यांची सोय होईल आणि रस्ते मोकळे होतील. तुमच्या ठरावातही ते वाक्य असेल बघा. आम्हाला तेव्हा गाळा मिळाला नाही कारण लिलावाची अनामत भरायची ऐपतच नव्हती, आमच्याबरोबरच्या कोणाचीच नव्हती. गाळे ज्यांची आधीच दुकानं होती त्यांनी घेतले, वडील शेवटपर्यंत रस्त्यावरच बसले.

विक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा पथविक्रेता कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती असते आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात. विक्रेत्यांची जागा त्या समितीतून ठरली पाहिजे. हरकतीत विचारा की समितीपुढे हा विषय ठेवला होता का. आणि कृपा करून हातगाडीवाल्यांच्या विरोधात काही लिहू नका, त्यांना सोबत घ्या. मैदानाच्या कडेला संध्याकाळी जे उभे राहतात त्यांचाही धंदा त्या मैदानावरच आहे.

---

मागचीगल्ली

चौकातला, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काल संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यावरच्या तिघांशी बोलले, तिघांनीही अर्ज द्यायचं कबूल केलंय. त्यातल्या एका मावशींना लिहिता येत नाही, त्या सांगतील तसं माझी मुलगी लिहून देणार आहे आणि त्या अंगठा देतील.

अर्जांचं झालं! सकाळी लवकर गेलो, त्या बाईंनी आज एकेक करून घेतले. मीच त्यांच्या शेजारी बसून पोच प्रतींवर शिक्के मारू लागले, त्यांनी क्रमांक घातले. ४३ चे ४३ वेगळे नंबर. पाऊण तास लागला. जाताना त्या हळूच म्हणाल्या की त्यांचाही मुलगा तिथेच खेळायला येतो.

ठरावाची तारीख कळली, तो प्रशासकांच्या काळातलाच आहे. आता नव्या सभेला फेरविचारासाठी पत्र लिहितोय. कोपऱ्याची खासगी जागा ताब्यात घ्यावी हेही त्यात घातलंय. सुनावणीला जाणाऱ्यांची यादी केली, १७ नावं पक्की, अधिकारपत्रं उद्यापर्यंत होतील.

---

जुना_आरेखक

शाब्बास. आता एक काम राहिलं. पाणी साचतं हे तुम्ही लिहिलंय, पण सुनावणीला बसणारा अधिकारी बहुतेक उन्हाळ्यात येऊन बघेल आणि त्याला कोरडी माती दिसेल. पावसाळ्यातले फोटो आहेत का कोणाकडे? तारीख दिसेल असे. आणि गल्लीत कुठल्या घराच्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं ते भागनकाशाच्या प्रतीवर पेनाने खुणा करून दाखवा, घर नंबरासकट. माझ्या अनुभवात लांबलचक अर्जापेक्षा असा खुणा केलेला नकाशा अधिकारी जास्त वेळ बघतात.

---

मागचीगल्ली

आहेत काका. सासरे रोज सकाळी फिरायला जायचे तेव्हा पाणी किती चढलं ते बघायला मैदानाच्या कडेच्या विजेच्या खांबाचा फोटो काढायचे, मागच्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंतचे सगळे त्यांच्या फोनमध्ये आहेत, तारखेसकट. आम्ही त्यांना म्हणायचो कशाला काढता. उद्या प्रिंट काढून आणते. भागनकाशा गुरुवारी मिळणार आहे, त्यावर खुणा करायला तेच बसणार म्हणतायत, कोणाच्या पायरीला किती पाणी होतं ते त्यांना तोंडपाठ आहे.